दुकान वाढवायचं आहे

प्रकाशचंदांनी दुकान वाढवायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी ते आधी देवाला सांगितलं, मग बायकोला सांगितलं, आणि मग नोकरांना कसं सांगावं या विचारात त्यांची झोप उडाली.

इथे एक खुलासा केलेला बरा. व्यापारी माणूस 'बंद' हा शब्द तोंडातून काढत नाही. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. मारुतीपुढचा नारळही फुटत नाही, वाढवला जातो. त्याच न्यायाने धुळ्याच्या बाजारात संध्याकाळी दुकानं बंद होत नाहीत, वाढवली जातात. रोज संध्याकाळी सगळा आग्रा रोड वाढतो आणि सकाळी पुन्हा होता तेवढाच असतो. प्रकाशचंदांना मात्र या वेळी रोजच्यासारखं वाढवायचं नव्हतं. त्यांना कायमचं वाढवायचं होतं.

या बाबतीत ते फारच कडक होते. वना नवा नवा कामाला लागला होता, तेव्हा एका संध्याकाळी तो सहज म्हणाला, "शेठ, बंद करू का?" प्रकाशचंदांनी त्याला तसाच नारळ आणायला पिटाळलं. नारळ घेऊन आल्यावर वनाने विचारलं, "कुठं फोडू?" त्याला दुसरा नारळ आणायला पाठवलं. त्यानंतर वनाच्या मिशा पिकल्या, पण 'ऋषभ बर्तन भांडार'मध्ये तो शब्द पुन्हा कोणी उच्चारला नाही. दाराच्या काचेवर एका बाजूला 'उघडे आहे' अशी पाटी होती. तिची दुसरी बाजू कोरी होती.

दुकान वाढवण्याची कारणं साधी होती. पूर्वी लग्न म्हटलं की गावभर ताटं, तांबे, पातेली आणि पराती फिरत असत. कोणाच्या लग्नात आलेला तांब्या कोणाच्या लग्नात गेला, याचा शोध घेत म्हाताऱ्या दुपार घालवत. मग पत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' अशी ओळ छापायची पद्धत आली. या एका ओळीने बाजाराचं जेवढं नुकसान केलं तेवढं सरकारलाही जमलं नसतं. त्यात कापसाने मान टाकली. कापसाने मान टाकली की धुळ्यात भांड्याला भांडंसुद्धा लागत नाही. मुलगा अखिल पुण्यात संगणकाच्या नोकरीत होता, आणि स्टीलशी त्याचा संबंध डब्यापुरता उरला होता. भांड्यांवर नाव घालायचं मशीन एका कोपऱ्यात फडक्याखाली झोपलं होतं.

मुहूर्त आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा ठरला. प्रकाशचंदांच्या मनात वेगळं काही नव्हतं. बायको जतनबाईंचा वर्षीतप चालू होता, म्हणजे वर्षभर एक दिवस उपवास आणि एक दिवस जेवण. त्याचं पारणं आखाजीला उसाच्या रसाने व्हायचं होतं. बायकोचा उपवास त्या दिवशी सुटणार, तर आपलं दुकानही त्याच दिवशी सुटावं, असा त्यांचा सरळ विचार होता.

"सांगितलं का दुकानातल्या माणसांना?" जतनबाईंनी विचारलं. उपवासाच्या दिवशी त्या कमी बोलत, आणि जेवणाच्या दिवशी जेवत असल्यामुळे कमी बोलत. त्यामुळे त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागे.

"सांगतो. कसं सांगावं ते बघतोय."

नेमकं तेव्हाच भांडी व्यापारी संघाने 'मंदीतले नेतृत्व' या विषयावर एक व्याख्यान ठेवलं. संघाचे अध्यक्ष गिरधरभाऊ पास घेऊन स्वतः दुकानात आले. हॉलला एसी आहे असं कळल्यावर प्रकाशचंद गेले, आणि बिलं करणाऱ्या दिपमालालाही घेऊन गेले. वक्ता नाशिकचा होता. त्याने पडद्यावर एक बुडती बोट दाखवली आणि सांगितलं, की कठीण काळात उत्तम नेता तीन गोष्टी करतो. वाईट बातमी तो स्वतः देतो, समोरासमोर देतो आणि स्पष्ट शब्दांत देतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने सांगितलं, की उत्तम अनुयायी आदेशाची वाट पाहत नाही. तिथेही लोकांनी टाळ्या वाजवल्या. बहुतेक सगळे मालकच होते.

प्रकाशचंदांच्या मनात ते 'स्पष्ट शब्दांत' फार ठसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ल्याला उदबत्ती ओवाळून झाल्यावर त्यांनी तिघांना समोर बोलावलं. वना होता, बायकांचं गिऱ्हाईक सांभाळणाऱ्या प्रमिलाबाई होत्या, आणि दिपमाला होती.

"हे बघा," प्रकाशचंद म्हणाले, "दिवस कठीण आहेत. तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. जे आहे ते मी स्पष्ट शब्दांत सांगतो."

तिघंही सावरून उभी राहिली.

"मी ठरवलंय," त्यांनी गल्ल्यावर हात ठेवला, "आखाजीला दुकान वाढवायचं."

मग प्रमिलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. प्रकाशचंदांना भरून आलं. त्यांनी वनाकडे पाहिलं. वना बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत होता. मग तो हळूच म्हणाला, "शेठ, तुम्ही काय फिकर करू नका. आम्ही बठ्ठा शेतस ना." अहिराणीत म्हणजे, आम्ही सगळे आहोत ना.

तेवढ्यात दिपमालाने टाळ्या वाजवल्या.

प्रकाशचंदांना ते जरा खटकलं. पण कालच्या व्याख्यानात बोट बुडाल्यावरही लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. नव्या पिढीत दुःख असंच साजरं करत असतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. एवढी मोठी बातमी दिली, पण कोणी तक्रारीचा एक शब्द काढला नाही, याचा त्यांना अभिमानही वाटला. संध्याकाळी घरी जाऊन ते जतनबाईंना म्हणाले, "सांगितलं. स्पष्ट सांगितलं. माणसं हिऱ्यासारखी आहेत."

जतनबाईंचा तो उपवासाचा दिवस होता.

त्याच दुपारी चहाला मागच्या गोडाऊनमध्ये चर्चा झाली होती, ती अशी.

"सरांनी काल व्याख्यान ऐकलं आणि आज डिसिजन घेतला," दिपमाला म्हणाली. "बघा ना प्रमिलाताई, सगळे आखडून बसलेत आणि सर दुकान वाढवताहेत!"

"अगं पण," प्रमिलाबाई बशी खाली ठेवून म्हणाल्या, "वाढवायचं म्हणजे ते रोजचं वाढवायचं तर नाही ना? मी मेली आनंदाने रडले, आणि आता शंका येतेय."

"रोजचं वाढवणं कोणी ठरवतं का? ते आठ वाजले की होतंच. सर म्हणाले, 'मी ठरवलंय.'"

"मग सुरुवातीला दिवस कठीण आहेत असं कशाला म्हणाले?"

"हिंमत दाखवायला! कठीण आहेत तरीसुद्धा, असं."

प्रमिलाबाईंनी विचार केला आणि त्यांना स्वतःलाच पुरावा सापडला. "आणि आखाजीचा मुहूर्त धरलाय बाई! साडेतीन मुहूर्तांतला. आखाजीला केलेलं कधी सरत नाही. तसलं काम करायला कोणी आखाजी शोधेल का? तसलं करायला अमावास्या असते." 'तसलं' म्हणजे कसलं ते त्यांनी सांगितलं नाही. नारळ आणायला उन्हात कोण जाणार?

"शेठजींनाच विचारलं तर?" त्या पुन्हा म्हणाल्या.

"काय विचारणार? 'वाढवायचं म्हणजे वाढवायचं, की...' पुढचा शब्द कोण बोलणार?"

दोघींनी वनाकडे पाहिलं. "वनाभाऊ, तुम्ही जुने. तुम्हाला काय वाटतं?"

वना कपातल्या चहाकडे बघत होता. चहा संपलेला होता, तरी बघत होता. "शेठनी सांगं वाढवानं," तो म्हणाला. "मंग आपून वाढवू."

त्या संध्याकाळी दिपमालाने मोबाइलवर स्टेटस ठेवलं: 'आखाजीच्या शुभमुहूर्तावर आपले ऋषभ बर्तन भांडार वाढत आहे. आपले प्रेम असू द्यावे.' बाजूला दोन फुगे आणि एक कळशी होती. दुकानाचा नंबर हजारभर गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये होता, त्या सगळ्यांनी ते पाहिलं. प्रकाशचंदांनी पाहिलं नाही. स्टेटस माणसाला असतं, फोनला नसतं, असं त्यांचं मत होतं.

सकाळी गिरधरभाऊंचा फोन आला. "प्रकाशभाई, ऐकलं ते खरं का? वाढवताय?"

"हो भाऊ," प्रकाशचंद खोल आवाजात म्हणाले. "आखाजीला."

"वा! मानलं तुम्हाला. सगळा बाजार माना खाली घालून बसलाय. हिंमत लागते हो याला!"

"हिंमत कसली? कधीतरी हे करावंच लागतं."

"हे विचार! हेच विचार पाहिजेत आज. आपण एक छोटा कार्यक्रम ठेवू. शाल-श्रीफळ."

"कार्यक्रम कशाला? लोक येतील, उगाच वाईट वाटेल त्यांना."

"वाटू द्या की! ज्यांच्यात दम नाही त्यांना वाटलंच पाहिजे!"

प्रकाशचंदांनी फोन ठेवला. गिरधरभाऊ बोलायला तोंडाळ आहेत हे त्यांना माहीत होतं, पण दुसऱ्याच्या दुखवट्यात इतकं तोंड सोडतील असं वाटलं नव्हतं.

आता त्यांच्या मागे एकच काम उरलं होतं. दुकान वाढवण्याआधी तिघांची कुठेतरी सोय लागली पाहिजे. हे कोणत्याही वक्त्याने सांगितलेलं नव्हतं, ते त्यांचं त्यांनाच सुचलं होतं. ही माणसं उघड्यावर पडली तर पारण्याचा रस आपल्या घशाखाली उतरणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी वनाला बाजूला घेतलं. "वना, गिरधरभाऊंकडे जागा आहे. ते मागे तुला मागतच होते. तू जा तिकडे."

"मी? आते?" वना म्हणाला. "शेठ, आते तर तुम्हले माणूस लागी. मी नही जाणार. गिरधरभाऊले मी सांगी टाकं कालदिन, आमनं दुकान वाढी ऱ्हायनं म्हणून."

"अरे, म्हणूनच तर सांगतोय ना!"

"म्हणूनच तर नही जात," वना म्हणाला, आणि शिडीवर चढून वरची पातेली पुसायला लागला.

प्रकाशचंदांनी प्रमिलाबाईंना विचारलं, "बाई, तुमचं पुढे काय?" तर त्या म्हणाल्या, "माझी काळजी सोडा शेठजी, मी भडगावला माहेरी जाऊन येते." प्रकाशचंदांना वाटलं, भावाकडे आसरा बघायला चालली बिचारी. त्यांनी लगेच सुटी दिली. प्रमिलाबाई गिरणाकाठी सगळ्या भावकीत फिरल्या, लग्नघरं हेरली, आणि प्रत्येक घरी सांगून आल्या, "आमचं दुकान वाढतंय. पोरीला रुखवत तिथूनच घ्यायचं. आहेर आणू नका छापलंय तर छापू द्या, रुखवताला कोण नाही म्हणतं?"

दिपमालाला प्रकाशचंदांनी स्पष्टच सांगितलं, "पोरी, तू दुसरीकडे बघून ठेव."

दिपमाला हसली. "कळलं सर. परीक्षा घेताय ना? त्या वक्त्याच्या व्हिडिओत आहे. कठीण काळात नेता माणसांची निष्ठा तपासतो."

"तसं नाही गं..."

"मी पास ना सर?"

"पास," प्रकाशचंद हताश होऊन म्हणाले.

त्याच आठवड्यात शेजारचा चिंधा आला. चिंधाचं फोटोफ्रेमचं दुकान होतं. लोक हल्ली फोटो हजारांनी काढत, पण भिंतीवर एकही लावत नसत. त्याचा गाळा मुळात प्रकाशचंदांचाच. त्यांच्या वडिलांनी मध्ये प्लायवूड ठोकून तो भाड्याने दिला होता.

"शेठ, तुम्ही वाढवताय म्हणे?"

"हो रे चिंधा."

"मग मीपण वाढवतो म्हणतो. मुलगा सुरतला बोलावतोय. किती दिवस रिकाम्या चौकटी बघत बसू?"

प्रकाशचंदांना आपल्यासारखा दुसरा भेटल्याचा आनंद झाला. "वाढव. बरोबरच वाढवू. सोबत होईल."

"मग मी माझी बाजू आखाजीच्या आत खाली करून देतो. आणि मधलं प्लाय? ते काढायचं का?"

चिंधाला ते सुरतला घेऊन जायचं असेल, असं प्रकाशचंदांना वाटलं. गरीब माणूस, प्लायवूडचीही त्याला किंमत. ते मायेने म्हणाले, "काढ. तुझंच समज."

चिंधाने हे वनाला सांगितलं. वनाने मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "शेठना हुकूम शे, मंग काय!" आणि तो पान्हा शोधायला लागला.

प्रकाशचंद मात्र जळगावला निघाले होते. तिथे त्यांच्या चुलतभावाचा मुलगा मनन स्टीलचा ठोक व्यापार करत असे. उरलेला माल त्याने परत उचलला असता, तर दुकान वाढवणं सोपं झालं असतं. एसटीत उकाड्याने जीव जात होता. खिडकीबाहेर केळीच्या बागा सुरू झाल्या, तसा त्यांचा जीव थोडा गार झाला.

मननच्या पेढीवर त्यांनी पाणी प्यायलं आणि विषय काढला. "बेटा, आखाजीला वाढवतोय."

"कळलं काका! बायकोने स्टेटस दाखवलं मला. मी तर सगळ्यांना दाखवतोय. म्हटलं, बघा, ह्या वयात!"

"वयामुळेच रे. बाकी काही नाही, मालाचं तेवढं तू बघ. माझ्याच्याने एकट्याने होणार नाही."

"काका, हे तुम्ही सांगायला पाहिजे का? निर्धास्त राहा. उद्याच टेम्पो पाठवतो."

"एका फेरीत होईल?"

"दोन फेऱ्या करू, काका!"

प्रकाशचंदांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. टेम्पो रिकामा येणार की भरलेला, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. आपल्याकडे येणारा टेम्पो न्यायलाच येतो, अशी दुःखी माणसाची समजूत असते. त्या रात्री ते बहिणीकडे राहिले, भरीत-पुरीचं जेवण झालं, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते धुळ्याला उतरले आणि गल्लीत शिरले, तेव्हा आपण चुकीच्या गल्लीत आलो असं त्यांना वाटलं. दुकान दुप्पट झालं होतं. मधलं प्लायवूड गायब होतं. चिंधाच्या बाजूला नवा रंग मारलेला होता, आणि तिथे वना शिडीवर उभा राहून परातींची उतरंड लावत होता. दारापुढे टेम्पो उभा होता. त्यातून माल उतरत होता. बाहेर एक कापडी फलक होता, आणि त्यावर प्रकाशचंदांचा, लग्नातला असावा असा एक तरुण फोटो. त्याखाली लिहिलं होतं: 'मंदीतही वाढणारे एकमेव दुकान'.

ते फलक वाचत उभे राहिले. 'वाढणारे' या शब्दापाशी ते बराच वेळ थांबले. मग एक एक गोष्ट उलट्या क्रमाने त्यांच्या डोक्यातून गेली. मननच्या दोन फेऱ्या, चिंधाचं प्लाय, गिरधरभाऊंचा दम, दिपमालाची टाळी. प्रमिलाबाईंच्या डोळ्यातलं पाणीसुद्धा आनंदाचं होतं, हे ध्यानात आल्यावर त्यांनी फलकाकडे पाठ फिरवली.

"या सर!" दिपमाला धावत आली. "आम्ही आदेशाची वाट नाही पाहिली!"

"दिसतंय," प्रकाशचंद म्हणाले, आणि तसेच घरी गेले.

जतनबाईंचा शेवटचा उपवास होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही त्यांना कोणत्या शब्दांत सांगितलं होतं?"

"स्पष्ट सांगितलं होतं. दुकान वाढवायचं म्हणून."

"तो दुसरा शब्द बोललात का?"

"असं कसं बोलणार? अपशकुन होतो."

"मग आता होऊ द्या," जतनबाई म्हणाल्या. "उद्या बोला. वना गिरधरभाऊंना नाही म्हणून बसलाय. ती बाई भडगावभर फिरून आली. त्यांना किती दिवस अंधारात ठेवणार? वर्षभर एक दिवसाआड उपाशी राहून मी मेले नाही, तर तुम्ही एक शब्द बोलून मरणार नाही."

वर्षभरात त्या एवढं कधी बोलल्या नव्हत्या. प्रकाशचंदांनी निश्चय केला. ते अंथरुणावर पडून तोंडातल्या तोंडात सराव करत राहिले. 'बं'पर्यंत जमत होतं.

आखाजीला सकाळी जतनबाईंचं पारणं झालं. प्रकाशचंदांनी स्वतःच्या हाताने त्यांना उसाचा रस पाजला. प्रकाशचंदांनाही वाटीभर मिळाला, पण तो घशात अडकला. मग ते दुकानात आले. सणाला आलेल्या माहेरवाशिणींनी गाव भरलेलं होतं, आणि त्यातल्या निम्म्या गल्लीत होत्या. वाढणारं दुकान कसं दिसतं ते बघायला लोक आले होते, आणि बघायला आलेला माणूस रिकाम्या हाताने जाताना लाजतो. भडगावहून दोन लग्नघरं जीप करून आली होती. प्रमिलाबाई एका हाताने कळशी दाखवत होत्या, दुसऱ्या हाताने परात. "घासाघीस नको हो ताई, वाढतं दुकान आहे, हात आखडू नका!" आणि नवलाची गोष्ट म्हणजे लोक आखडत नव्हते. मावळत्या दुकानात गिऱ्हाईक हक्काने भाव पाडून मागतं. उगवत्या दुकानात ते आपण होऊन मोठ्या मनाचं होतं.

संध्याकाळी कार्यक्रम झाला. गिरधरभाऊंनी शाल घातली, नारळ दिला आणि कठीण काळातला नेता कसा असावा यावर ते बोलले. नेता बोलतो थोडं आणि करतो फार, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते त्यांनी पुष्कळ वेळ सांगितलं. मग दोन शब्द बोलायला प्रकाशचंद उभे राहिले.

समोर जतनबाई बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली, बोला म्हणून. एका बाजूला प्रमिलाबाई, दिपमाला आणि वना उभे होते. तिघांच्या अंगावर धुळीचे आणि रंगाचे डाग होते. प्रकाशचंदांनी हात जोडले, डोळे मिटले आणि सगळा जीव गोळा करून तोंड उघडलं.

"बं..." ते म्हणाले.

गिरधरभाऊ पुढे सरकले.

"बं... बं..."

"पाणी द्या रे," कोणीतरी म्हणालं.

प्रकाशचंदांनी डोळे उघडले. प्रमिलाबाईंनी डोळ्याला पदर लावला होता. हे पाणी कसलं, हे त्यांना आता कळत होतं.

"...बंधू आणि भगिनींनो," ते म्हणाले, आणि खाली बसले.

प्रचंड टाळ्या झाल्या. इतकं छोटं भाषण धुळ्यात कोणी ऐकलं नव्हतं. बोलतो थोडं याचा पुरावाच मिळाला, असं गिरधरभाऊ म्हणाले. जतनबाईंनी पदराने वारा घेतला, आणि त्यांचा चेहरा फारसा नाराज दिसला नाही.

लोक पांगले. एक म्हातारी मागे रेंगाळली. तिला नातीसाठी घेतलेल्या तांब्यावर नाव घालून हवं होतं. "आत्ताच घाला, बापा, सकाळी गाडी आहे मला." प्रकाशचंदांनी कोपऱ्यातल्या मशीनवरचं फडकं काढलं, चष्मा नाकावर घेतला आणि स्वतः बसले. मशीन आधी कुरकुरलं. मग त्याचा किर्र आवाज दोन्ही गाळ्यांतून फिरला. मधे प्लायवूड नसल्यामुळे तो पूर्वीपेक्षा लांबवर गेला. 'विधी' या नावाची शेवटची वेलांटी त्यांनी जरा जास्तच लांब ओढली.

म्हातारी गेली. दिपमालाने दिवसाचं काम आवरलं. बाहेर अंधार पडला होता आणि समोरची दुकानं एकेक करून वाढत होती. प्रकाशचंद उठले, अंगावरची शाल घडी केली, आणि सवयीने, विचार न करता, रोजच्यासारखं म्हणाले, "चला, वाढवा आता."

वना कुलूप घेऊन दारात उभा होता. तो जागचा हलला नाही. त्याने डाव्या भिंतीकडे पाहिलं. पलीकडे झेरॉक्सवाला होता. मग उजव्या भिंतीकडे पाहिलं. पलीकडे चपलांचं दुकान होतं.

"कोनती बाजूले, शेठ?" त्याने विचारलं.

प्रकाशचंदांनी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. घासलेल्या ताटात आपला चेहरा दिसतो, ताटाच्या मनातलं दिसत नाही. वनाचं तसंच होतं. तेवीस वर्षं हा माणूस 'वाढवा' ऐकून कुलूप लावत होता, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा आठवलं. वनाने कुलूप या हातातून त्या हातात घेतलं.

"वना," शेवटी प्रकाशचंद म्हणाले.

"जी शेठ."

"बंद कर."

प्रमिलाबाईंच्या हातातली पिशवी खाली पडली. दिपमालाचं तोंड उघडंच राहिलं. वनाने मात्र शटर ओढलं, कुलूप घातलं, दोनदा हिसका देऊन पाहिलं आणि किल्ली शेठच्या हातात दिली.

"नारळ आणू का, शेठ?" त्याने विचारलं.

"आहे माझ्याकडे," प्रकाशचंद म्हणाले, आणि त्यांनी गिरधरभाऊंनी दिलेला नारळ त्याच्या हातात ठेवला. "मारुतीपुढे फोड जा."

मंदी काही त्या दिवशी संपली नाही. ती अजून आहे, आणि लग्नपत्रिकांच्या तळाशी ती ओळही आहे. पण ऋषभ बर्तन भांडारात आता रोज संध्याकाळी दुकान बंद होतं, आणि रोज सकाळी उघडतं. दारावरच्या पाटीची कोरी बाजू दिपमालाने रंगवून घेतली आहे. 'वाढवणे' हा शब्द मात्र दुकानात कोणी उच्चारत नाही. परवा एक नवा माणूस चहा गाळताना चुकून म्हणाला, "साखर वाढवू का?" वनाने त्याला नारळ आणायला पाठवलं.